चांदणं पाखडणारी म्हातारी

वडगाव रासाईच्या शाळेत रजिया शिक्षिका होऊन आली, त्याच उन्हाळ्यात नदीवर धुणं धुताना विठाबाईकडून तिनं ती गोष्ट ऐकली. भीमेच्या काठी एक म्हातारी सुपात चांदणं घेऊन पाखडते आणि ज्याच्या घरी दुःख असेल त्याच्या दारात मूठभर टाकून येते.

"लई जुनी गोष्ट हाय," विठाबाई म्हणाली. "नदी हाय तवापास्नं."

पुढं तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात रजियाला एक लहानसं पुस्तक सापडलं. आत तीच म्हातारी, तेच सूप. वर नाव होतं, सलोमी साळवे, दौंड.

नदीइतक्या जुन्या गोष्टीला लेखिका कशी? रजियाला चैन पडेना. रविवारी तिनं एसटीनं दौंड गाठलं. विचारत विचारत ती चर्चमागच्या बैठ्या घरापाशी पोचली. सलोमीबाईंचा सगळा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून गेला होता. पुस्तक पाहून त्या चकितच झाल्या.

"हे अजून कुणी वाचतं?"

"तुम्हीच लिहिलंत का, बाई?"

"मीच. बाळंतिणींच्या थोरल्या पोरांना गप्प बसवायला सांगायचे. आया ऐकायच्या, गोष्ट घेऊन गावी जायच्या. मग कुणीसं म्हणालं, छापू या."

"मग पुढं का नाही लिहिलंत?"

"आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना असल्या कल्पनेच्या गोष्टी रुचल्या नाहीत. प्रभूनंसुद्धा दाखल्याच्या गोष्टी सांगूनच शिकवलं, असं मी म्हणून पाहिलं. शेवटी त्यांच्यासाठी देवदूत आणला. तो म्हातारीला स्वर्गात नेतो, आणि पुढं पानभर उपदेश. तो शेवट मला कधीच पटला नाही. लिहिण्यातलं मनच उडालं."

"पण आमच्याकडं शेवट असा नाहीच!"

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "मग कसा आहे?"

"ऐकायलाच चला."

पुढच्या रविवारी दोघी नदीवर आल्या. दौंडच्या पाहुण्या आहेत, एवढंच रजियानं सांगितलं. विठाबाईनं हातातलं लुगडं पिळून बाजूला ठेवलं आणि गोष्ट सुरू केली. देवदूत आला तिथं सलोमीबाईंना राहवेना.

"आणि तो तिला घेऊन गेला."

"न्हाई वो बाई! तुमास्नी कुनी तरी आर्धीच सांगितली. म्हातारी म्हनली, येते की, पर येवढं पाखडून व्हऊ दे. जरा सूप धर. त्यानं धरलं, आन् म्हातारी गेली पुढच्या गावाला. त्यो अजून बसलाय पाखडत!"

सलोमीबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. रजिया खरं काय ते सांगणार, तोच त्यांनी तिचा हात दाबला. "खरंच की," त्या विठाबाईला म्हणाल्या, "मला चुकीचीच ठाऊक होती."

त्यानंतर बाई पुन्हा लिहू लागल्या. लिहिलेलं रजियाला वाचून दाखवायच्या, रजिया ते नदीवर सांगायची, आणि परत गेली की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "बायकांनी काय बदललं?"

एकोणीसशे बासष्टच्या थंडीत बाई वारल्या. विठाबाई हट्टानं रजियाबरोबर दौंडला आली. प्रार्थनेत बाईंच्या रुग्णसेवेबद्दल पुष्कळ बोललं गेलं, गोष्टींबद्दल अवाक्षर नाही. दफनानंतर कबरस्तानाबाहेर आल्यावर रजियाला गप्प बसवेना.

"मावशी, ती म्हातारीची गोष्ट यांचीच होती."

विठाबाई जागच्या जागी थांबली. "आन् मी त्यांनाच चुकीची म्हनले? मंग बोलल्या का न्हाईत?"

"त्यांना तुमचीच आवडली."

विठाबाई माघारी वळली, ताज्या मातीपाशी जाऊन खाली बसली आणि पदर सावरून हळू आवाजात तिनं गोष्ट सांगायला सुरुवात केली.