टिटवीची गादी

रामराव डंभारे कोकणात जाऊन आले आणि आपल्या गावाला फक्त समुद्र तेवढा कमी आहे, अशी त्यांची खात्री झाली.

ती सहल बियाण्यांच्या एका कंपनीने दुकानदारांना बक्षीस म्हणून दिली होती. रामरावांचं कृषी केंद्र घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. तिथल्या गादीवर बसून त्यांनी समुद्राचा प्रश्न सोडवला. गावाबाहेर सिंचनाचा तलाव होता. त्याच्या काठावर त्यांनी रेतीच्या दोन ट्रॉल्या ओतल्या, प्लास्टिकची दोन नारळाची झाडं रोवली आणि ‘चौपाटी’ अशी पाटी लावली. उन्हाळ्यात पाणी पाटीपासून इतकं मागे सरके, की नारळाखाली उभं राहून ते पाहायला दुर्बीण लागावी. रामरावांनी दुर्बीणही घेतली.

मग रामरावांच्या अध्यक्षतेखाली सागर निसर्ग भ्रमण मंडळ निघालं. दर रविवारी सकाळी निळ्या टोप्या घातलेली मंडळी तलावाच्या पाळीवरून निघत आणि चौपाटीवरच्या तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी पोचत. मधल्या वाटेत निसर्ग असे. रामराव दुर्बीण लावून म्हणत, “तो पाहा, समुद्रपक्षी.”

“गायबगळा आहे काका,” दीपमाला सांगे. “म्हशीवर बसलाय.”

दीपमाला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. मंडळात शास्त्रीय माणूस असावं म्हणून रामरावांनीच तिला घेतलं होतं. ती काही बोलली की ते मान डोलवत आणि पुढे चालू लागत.

पण मंडळाची इभ्रत बगळ्यावर नव्हती, टिटवीवर होती. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती उंचावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर पाऊस बेताचा, हे तालुक्यात लहान पोरालाही ठाऊक. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मंडळाचं ‘टिटवीदर्शन’ असे. रामराव घरटं दाखवत, पावसाचं सांगत आणि गावातला कपिल ते मोबाइलवरच्या आपल्या बातम्यांत टाकत असे. त्यावर लोक काय पेरायचं ते ठरवत. रामरावांचा अंदाज आजवर कधी चुकला नव्हता. ज्या वर्षी पाऊस वेगळा झाला, त्या वर्षी टिटवी चुकली होती.

यंदा कंपनीने सोयाबीनचं बियाणं खपवणाऱ्यांसाठी थायलंडची सहल ठेवली. तिथला समुद्र कोकणापेक्षा निळा असतो, असं माहितीपत्रकावर स्वच्छ दिसत होतं. रामरावांनी गोदाम आढ्यापर्यंत सोयाबीनने भरलं. कपाशीचं एक पाकीटही ठेवलं नाही. कपाशी समोरच्या दुकानातला जफर विकायचा. त्याने विकावी. रामरावांनी कपिलच्या मोबाइलसमोर आधीच सांगूनही टाकलं, की यंदा टिटवी पाळीवरच असणार, पाऊस दमदार येणार, तेव्हा सोयाबीनच पेरा.

टिटवीला हे कोणी कळवलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी, उद्या लोकांसमोर शोधाशोध नको म्हणून, रामराव दुकानातल्या नोकराला, उकंडाला, घेऊन तलावावर गेले. पाळ पालथी घातली. मग उतार पाहिला. शेवटी उकंडा तळाशी, पाण्याजवळच्या सुकल्या गाळात जाऊन थांबला. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती.

“मालक, हे पाहा. तीन हायेत.”

रामरावांनी पाहिलं. खड्यांमध्ये खड्यांसारखीच तीन अंडी. तलावात याच्याहून खोल जागा असेल तर ती पाण्याखाली होती.

“हे दुसऱ्या टिटवीचं असन,” रामराव म्हणाले.

“दुसरी कोन्ती जी? एकच त बोंबलून राह्यली.”

रामराव उकिडवे बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर गोदाम आलं, मग निळा समुद्र आला, मग पुन्हा गोदाम आलं. अंडी इथे राहिली तर उद्या दहापर्यंत अख्ख्या तालुक्याला कळणार, की पाऊस बेताचा आहे. मग जास्त पाणी मागणाऱ्या सोयाबीनला कोण विचारतो?

“उकंडा, मायचा जीव कुठं असते?”

“लेकरात.”

“मंग लेकरं जिथं जातीन तिथं माय जाईन का नाई?”

उकंडाला हे पटलं. पगार देणाऱ्या माणसाचं बहुतेक पटतं.

रामरावांनी निळी टोपी काढली, तिच्यात अंडी ठेवली आणि पाळ चढू लागले. टिटवी दोनदा त्यांच्या टकलाला घासून गेली. पाळीवर, वाटेच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी जागा त्यांनी निवडली. दगड मात्र टोचरे होते. खालीही अंडी खड्यांतच होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

“काहीतरी मऊ आन बे.”

उकंडा मोटारसायकलवर दुकानात गेला आणि मूठभर कापूस घेऊन आला. दुकानातली मालकांची गादी एका कोपऱ्यात उसवली होती, तिथून त्याने तो ओढला होता. कापूस पसरला, त्यावर अंडी मांडली. ती आता चौपाटीवरूनही दिसली असती. रामराव मागे सरकून पाहत राहिले. त्यांना स्वतःचं घरटं टिटवीच्या घरट्यापेक्षा कितीतरी बरं वाटलं.

ते निघाले तेव्हा टिटवी पाळीवर आली नव्हती. ती खाली गाळात, जिथे काहीच उरलं नव्हतं, तिथे जाऊन बसली होती.

“सवयीनं बसली,” रामराव म्हणाले. “सकाळपर्यंत येते वर.”

रविवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. बोरी अरब गावाहूनही माणसं आली होती. इंदुताई ठाकरे पुढे होत्या. त्यांची स्वतःची मोठी जमीन होती, आणि त्या काय पेरतात ते पाहून अर्धं गाव पेरायचं. जफरही आला होता. दरवर्षी यायचा आणि दरवर्षी पोहे खाऊन गप्प परत जायचा.

रामरावांनी मंडळींना मुद्दाम चौपाटीला वळसा घालून नेलं, पळसाखाली थांबवलं, दुर्बिणीतून क्षितिज पाहिलं आणि मग पाळीवर येऊन एकदम हात वर केला.

“थांबा. कोणी हलू नका.”

सगळे थांबले. रामरावांनी बोट दाखवलं. पाळीच्या माथ्यावर, पांढऱ्याशुभ्र कापसात, तीन अंडी.

“सांगतलं होतं ना मी? पाळीवर हाय. पाऊस दमदार.”

कपिल मोबाइल घेऊन वाकला. टाळ्या पडल्या. रामरावांनी हात जोडले, आणि सोयाबीनबद्दल दोन शब्द सांगायला घसा साफ केला.

“पन कापसावर अंडे कसे घातले हिनं?” इंदुताई म्हणाल्या.

त्या गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकल्या होत्या. मग त्यांच्या बाजूला आणखी दोघं वाकले. चिमटीत धरून एकाने थोडा कापूस ओढला. या तालुक्यात कापूस ओळखायला चष्मा लागत नाही.

“सरकी नाई याच्यात. सरकी काढलेली रुई हाय हे.”

“टिटवीनं रुई कुठून आनली मे महिन्यात?”

“तेच त. वावरात बोंड नाई, घरात कापूस नाई, आन हिनं रुई शोधून आनली.”

“आजपर्यंत कधी आनली होती?”

“कधीच नाई. माह्या आजाच्या टायमालेही नाई.”

रामरावांच्या घशात तयार असलेलं सोयाबीन तिथेच राहिलं.

इंदुताई सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “टिटवी सांगून राह्यली बाप्पा. पाऊस दमदार, अन् भाव रुईले. आता काय तिनं पाटीवर लिहून द्यावं? मी त यंदा सारी पऱ्हाटीच लावतो.”

“पऱ्हाटीच,” बोरी अरबचे लोक म्हणाले. कपाशीला तिथे पऱ्हाटी म्हणतात.

“तसं नाई, इंदुताई,” रामराव म्हणाले. “टिटवीनं फक्त पावसाचं पाहायचं असते. खाली काय अंथरलं त्याचा काही...”

“काहून? तिनं अंडे कुठं घातले थे खरं, अन् कायच्यावर घातले थे खोटं?”

याला उत्तर एकच होतं. ते रामरावांना माहीत होतं, आणि मागे उभ्या असलेल्या उकंडालाही माहीत होतं. उकंडा दूरच्या एका झाडाकडे अत्यंत लक्षपूर्वक पाहत होता. निसर्गात त्याने इतका रस आजवर घेतला नव्हता.

दीपमाला पुढे आली. तिने कापूस पाहिला, त्यात अडकलेला लाल दोऱ्याचा तुकडा पाहिला. बियाण्यांची पाकिटं घ्यायला ती काही रामरावांच्या दुकानात जात नसे, पण त्यांच्या गादीची लाल खोळ गावात सगळ्यांनी पाहिली होती. मग तिने पाळीवर, झुडपांत, आभाळात पाहिलं.

“काका, टिटवी कुठे आहे?”

“असन इथंच. चारा-पान्याले गेली असन.”

“माणसं इतकी जवळ आली तर टिटवी डोकं खाते. इथे तर आवाजही नाही.”

सगळे रामरावांकडे पाहू लागले. कपिलचा मोबाइलही त्यांच्याकडे वळला. आता सांगितलं तर सोयाबीन वाचणार नव्हतं, कारण टिटवी तळाशी होती हेही सांगावं लागलं असतं. न सांगितलं तर सोयाबीन जाणार, पण रामराव राहणार. त्यांनी हिशेब केला. तो पटकन झाला.

“टिटवीले आपल्यावर भरोसा हाय,” ते म्हणाले. “आपलं मंडळ पाहून ती ओरडत नाई.”

पुन्हा टाळ्या पडल्या. जफर गर्दीतून पुढे आला. त्याने आपल्या गळ्यातला दुपट्टा काढून रामरावांच्या गळ्यात घातला.

“रामरावभाऊ, तुमच्यासारखा मानूस नाई. सोताच्या दुकानात पऱ्हाटीचं पाकीट नाई, तरी जे हाय थे खरं सांगतलं. माह्यापाशी माल हाय, पन कमी पडन असं दिसते. तुमच्या गोदामात जागा भेटन का हो?”

“जागा नाई,” रामराव म्हणाले.

मंडळी पोह्यांकडे गेली. त्या दिवशी निसर्ग लवकर आटपला, कारण नंतर सगळ्यांना जफरच्या दुकानात जायचं होतं. पाळीवर रामराव, दीपमाला आणि जरा लांब उकंडा एवढेच राहिले. ऊन चढायला लागलं होतं.

“कुठून उचललीत?” दीपमालाने विचारलं.

उकंडाने तळाकडे बोट केलं.

तिने त्यांच्या गळ्यातली दुर्बीण मागून घेतली आणि गाळाकडे लावली. बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण रामरावांच्या हातात दिली. टिटवी खड्यांत बसली होती. ती जरा उठली तेव्हा तिच्या पायांशी एक अंडं दिसलं. नवं, चौथं.

“तीन घालून झाली होती, एक बाकी होतं,” दीपमाला म्हणाली. “ते तिने तिच्या जागी घातलं. तिच्या हिशोबात ती जागा बदललेली नाही. वरची तीन रात्रभर निभावली असतील, कारण सगळी झाल्यावरच ती उबवायला बसते. पण आता या उन्हात पाळीवर तासाभरात उकडतील. खाली टिटवी पोट भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. इथे ते कोण करणार?”

रामराव प्लास्टिकच्या नारळांकडे पाहत होते.

“काका, टोपी काढा.”

त्यांनी टोपी काढली. तिने काही उचललं नाही, म्हणून त्यांनीच वाकून अंडी टोपीत ठेवली. गळ्यात जफरचा दुपट्टा, हातात टोपी, असे ते उतार उतरू लागले. अर्ध्या वाटेवर टिटवीने त्यांना ओळखलं, निदान त्यांना तसं वाटलं. ती ओरडत सरळ अंगावर आली, एकदा, मग पुन्हा. त्यांना हात वर करता येईना, कारण हातात टोपी होती. पोह्यांच्या गाडीवरून कोणीतरी म्हणालं, की पाहा, टिटवी आपल्या अध्यक्षांना निरोप देते आहे. कपिलने तेही टिपलं.

रामरावांनी अंडी चौथ्याशेजारी ठेवली आणि मागे सरकले. खिशातला मोबाइल वाजत होता. इंदुताईंचा फोन होता. जफरकडचा माल पुरणार नाही, तुमच्याकडे पऱ्हाटीची पाकिटं कधी येतात, असं त्या विचारत होत्या.

“येतीन,” रामराव म्हणाले. “लवकरच.”

टिटवी चालत परत आली. अंड्यांभोवती फिरली, थांबली. एका अंड्याला कापसाचा तंतू चिकटून राहिला होता. तिने तो चोचीत धरला, बाजूला टाकला आणि मग बसली.