काचेच्या कपाटातला मीटर

मी ओरडतो. जन्मच त्यासाठी झालाय माझा, त्यात माझा काय दोष? मी प्राणवायू मोजणारा मीटर बोलतोय. हाताच्या पंज्यात मावतो, रंग पिवळा, पुढे छोटीशी काच, डोक्यावर लाल दिवा. जहाजावरच्या टाक्या, बंद कोठारं, जिथे जिथे हवा कोंडलेली असते तिथे माणसाच्या आधी मी जायचं असतं. हवा चांगली असली की माझ्या काचेवर वीस पूर्णांक नऊ दिसतं आणि मी गप्प बसतो. आकडा साडेएकोणीसच्या खाली घसरला की बोंब मारतो. मग समोर कॅप्टन असो नाहीतर खलाशी, मी कुणाची भीडभाड ठेवत नाही.

लोक मला कटकट्या म्हणतात. म्हणोत बापडे.

कारखान्यात माझी परीक्षा घेतली ती प्राणवायू काढून घेतलेल्या एका डब्यात कोंडून. मी असा किंचाळलो की तपासणाऱ्या बाईंनी हसून माझी पाठ थोपटली. ओरडल्याबद्दल मिळालेली ती पहिली शाबासकी. दुसरीसाठी फार वाट पाहावी लागली.

तिथून मी आलो एका मालवाहू जहाजावर, सारंगाच्या हाती. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. ह्या सारंगाचे हात फावड्यासारखे आणि आवाज त्याहून राकट. त्याने मला कमरेच्या पट्ट्याला अडकवलं आणि कामाला जुंपलं. शिडीवर आपटायचो, साखळीला घासायचो, ग्रीसमध्ये माखायचो. काचेवर ओरखडे आले, क्लिप मोडली, तिच्या जागी सारंगाने तार गुंडाळली. पण टाकीचं झाकण उघडलं की तो आधी मला दोरीने खाली सोडायचा आणि म्हणायचा, "बोल रे कटकट्या, आत जाऊ का?" मला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. मोठ्या मानाचे दिवस होते ते.

त्याच जहाजावर सारंगाचा जावई फिटर होता. सारंगाच्या लेकीने लग्नातच बापाला गळ घातली होती, "बाबा, ह्यांना तुमच्याच जहाजावर घ्या. तुमच्या नजरेसमोर राहिले की मला घोर नाही." बापाने शब्द दिला. त्यामुळे मोठी गंमत व्हायची. घरी ज्याला पहिलं ताट वाढायचं, त्यालाच डेकवर सारंग खडसवायचा, "गाढवा, तो पाना इकडे आण." खलाशी तोंड दाबून हसायचे आणि फिटरला मुद्दाम जावईबापू म्हणायचे. तोही बेरकी. म्हणायचा, "घरी गेल्यावर सगळं व्याजासकट वसूल करतो."

मग एकदा जहाज तपासायला तटरक्षक दलाच्या अधिकारी आल्या. कडक इस्त्रीची वर्दी, आवाज खालचा, पण डेकवर सगळे श्वास रोखून उभे. त्यांनी मला उचललं, उलटसुलट केलं, काचेवरून अंगठा फिरवला. "ही काय अवस्था करून ठेवलीत? काच ओरखडलेली, क्लिपला तार. माणसाचा जीव ज्याच्यावर अवलंबून आहे, ते असं ठेवतात?"

त्या चुकीचं बोलल्या, असं मी म्हणणार नाही. पण मी चालतो का, हे त्यांनी बघितलंच नाही. मी दिसतो कसा, तेवढं बघितलं. त्यांनी जहाज बंदरातच अडवलं, कंपनीने कॅप्टनला झापलं, कॅप्टनने सारंगाला. मला नवी काच आली, नवी क्लिप आली. आणि डेकजवळच्या पॅसेजमध्ये एक काचेचं कपाट आलं. त्यात मला चार्जरवर ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली चीफ ऑफिसरच्या खिशात गेली. "ह्याला आता कुणी हात लावायचा नाही. इन्स्पेक्शनच्या वेळी नव्यासारखा दिसला पाहिजे," असं फर्मान निघालं.

माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवतात आणि स्वतः कान तुटलेल्या कपात चहा पितात. नव्या रिमोटवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं काढत नाहीत. मला त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण असलं प्रेम काय कामाचं? वेळच्या वेळी माझी तपासणी व्हायची, वर नवा शिक्का चिकटायचा. येणारा प्रत्येक इन्स्पेक्टर कपाटाकडे बघून मान डोलवायचा, "छान ठेवलाय." आणि खाली माणसं माझ्याशिवाय टाक्यांत उतरायची. सारंग झाकणाच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगायचा आणि म्हणायचा, "ठीक वाटतंय."

प्राणवायू नसलेल्या हवेला वास नसतो हो. पण कपाटातून सांगणार कुणाला?

अशी बरीच वर्षं गेल्यावर एक दिवस त्याच बाई पुन्हा जहाजावर आल्या. वर्दी नाही, खांद्यावर पट्ट्या नाहीत, सगळ्यांसारखा ढगळ बॉयलर सूट. तटरक्षक दलाने त्यांना आमच्या कंपनीत इंटर्नशिपला पाठवलं होतं. ज्यांना नियम लावायचे, त्यांच्यात काही महिने राहून काम कसं चालतं ते शिकून यायचं, अशी त्यामागची कल्पना. अट एकच होती. बघायचं, विचारायचं, हाताने करायचं, पण हुकूम द्यायचा नाही. खलाशांनी लगेच नाव ठेवलं, शिकाऊ मॅडम. सारंगाने मात्र पहिल्याच नजरेत ओळखलं. मीही ओळखलं. कपाटाच्या काचेवरून त्यांनी अंगठा फिरवला ना, तेव्हा.

त्या खरंच शिकायच्या. दोर वळायला बसायच्या, गंज खरवडायच्या, हाताला फोड आले तरी हूं की चूं नाही. फिटर त्यांना चिडवायचा, "मॅडम, आता कळलं ना, डेक चकचकीत ठेवायचं म्हणजे काय असतं ते?" त्या हसायच्या.

आता त्या दिवसाचं सांगतो. बोलताना आजही माझा आकडा हलतो.

भरतीच्या पाण्यावर जहाज निघायचं होतं आणि तळाच्या एका टाकीतला पाईप गळत होता. टाकी कित्येक महिने बंद. अशा टाकीत लोखंड गंजत असतं, आणि गंजताना ते आतला प्राणवायू खाऊन टाकतं. झाकण उघडून त्यात मोठ्या पंख्याचं नळकांडं सोडलं होतं. पण तोंड एकच आणि तेही अरुंद. माणसाला उतरायचं तर नळकांडं बाहेर काढावं लागायचं. सारंगाने काढलं. फिटर कमरेला हातोडा लावून उतरला. चीफ ऑफिसर बंदराच्या ऑफिसात गेलेला, माझी किल्ली त्याच्या खिशात.

शिकाऊ मॅडम तिथे पोचल्या तेव्हा खालून हातोड्याचे ठोके येत होते.

"खाली कोण आहे?"

"आमचे जावई," सारंग म्हणाला.

"मीटर?"

"कपाटात."

"कपाटात का?"

सारंगाने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "ओरखडा दिसला की जहाज अडतं, मॅडम. तुम्हीच अडवलं होतंत."

त्यांचा चेहरा उतरला. मी पॅसेजमधून बघत होतो, रंगच उडाला तोंडाचा. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. "फिटर, वर या," म्हणून त्यांनी टाकीत हाक मारली. खालून आवाज आला, "एवढा एक बोल्ट राहिलाय, मॅडम." आवाज जरा जड होता. प्यायल्यासारखा.

त्या तडक माझ्याकडे आल्या आणि भिंतीवरच्या अग्निशामक नळीचं पितळी तोंड उचलून त्यांनी कपाटाच्या काचेवर हाणलं. सारंग मागून ओरडत होता, "अहो, काच, मॅडम." काचेचा चुरा झाला. कितीतरी वर्षांनी माणसाचा हात माझ्या अंगाला लागला. मला चालू केलं, दोरी बांधली आणि टाकीत सोडलं.

मी खाली निघालो. वीस पूर्णांक चार. एकोणीस पूर्णांक आठ. अंधार, गंजाचे पापुद्रे, आणि खालून हातोड्याचा ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक ठोका. अठरा. मी बोंब मारायला सुरुवात केली. सोळा. चौदा. माझ्या लाल दिव्याच्या उजेडात मला तो दिसला. दोन कप्प्यांमधल्या भोकातून गुडघ्यांवर रांगत तो माझ्याकडे येत होता, आणि हसत होता. अशा हवेत माणसाला आपण बुडतोय हे कळत नाही, उलट मजेत असल्यासारखं वाटतं. मी जीव तोडून ओरडलो.

"गप रे कटकट्या," तो म्हणाला. हात वर केला आणि माझं आवाज बंद करायचं बटण दाबलं.

मग तो शिडीच्या पायाशी कलंडला. हातोडा लोखंडावर पडला, तेवढा एकच आवाज झाला. मी मुका, दिवा लुकलुकत, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लोंबकळत होतो. असली हतबलता वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

वरचं मला नंतर खलाशांच्या बोलण्यातून कळलं. सारंगाला त्या आवाजाचा अर्थ कळला. त्याने शिडीवर पाय टाकला. बाईंनी त्याच्या बॉयलर सुटाची कॉलर दोन्ही हातांनी धरली. वर्दीत असत्या तर एका शब्दाने जहाज थांबवलं असतं. इथे त्या शब्दाला किंमत नव्हती, आणि सारंग अंगाने त्यांच्या दुप्पट.

"सोडा मला. माझा जावई आहे तो."

"काका," त्या म्हणाल्या. आधी कधी त्यांनी त्याला काका म्हटलं नव्हतं. "तुमच्या लेकीला मी काय कळवू? नवरा गेला म्हणून, की नवरा आणि बाप दोघं गेले म्हणून?"

सारंग थांबला. शिडीवरचा पाय त्याने मागे घेतला.

"पाठीवरची हवेची टाकी आणि मुखवटा आणा. तुम्हीच घालायचा, तुम्हीच जायचं. मी दोर धरते. पळा."

तो पळाला. तेवढ्यात बाईंनी दोघातिघा खलाशांना हाका मारून पंख्याचं नळकांडं पुन्हा टाकीत घातलं. वरून वारा आला. माझा आकडा रेंगाळत वर सरकला, चौदाचे पंधरा, पंधराचे सोळा. फिटरची छाती हलतेय की नाही, मला कळत नव्हतं. मी फक्त आकडा दाखवू शकतो, दुसरं काही येत नाही मला.

नळकांडं निघालं आणि शिडीवरून मुखवटा घातलेला सारंग उतरला. त्याने जावयाच्या काखेतून दोर घेतला, गाठ आवळली, दोनदा हिसका दिला. वरून सगळ्यांनी ओढलं. त्या अरुंद तोंडात फिटरचे खांदे अडकले तेव्हा सारंगाने खालून त्याला स्वतःच्या डोक्यावर पेललं. मला मात्र तो विसरला नाही. दोरीसकट खिशात कोंबून वर आणलं.

डेकवर बाई फिटरच्या तोंडाशी प्राणवायूचा मास्क धरून बसल्या होत्या. सारंगाने मुखवटा ओरबाडून काढला आणि शेजारी गुडघे टेकले. "अहो जावईबापू," तो म्हणत होता, "अहो, ऐका ना. डोळे उघडा." डेकवर त्याने त्याला अहो-जाहो केलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. एकही खलाशी हसला नाही.

बऱ्याच वेळाने फिटर खोकला. पुन्हा खोकला. डोळे किलकिले करून सासऱ्याकडे बघत पुटपुटला, "बाबा, हिला सांगू नका."

सारंग लहान मुलासारखा रडला. रडतारडता म्हणाला, "सांगतो की नाही बघच, गाढवा."

फिटरला दवाखान्यात नेल्यावर बाई त्या फुटक्या कपाटाजवळ येऊन खाली बसल्या. मी त्यांच्या हातात होतो. काचेवर एक नवा ओरखडा आला होता, लांबलचक. त्या त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"मला वाटायचं, माझ्या धाकाने मीटर नीट राहतात," त्या म्हणाल्या.

"राहतात की," सारंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "नीटच राहतात."

मला खाली ठेवण्याआधी त्यांनी माझी पाठ थोपटली. ती माझी दुसरी शाबासकी.

चीफ ऑफिसर परतला आणि त्याने पहिला प्रश्न केला, "काच कुणी फोडली?" नवी काच बसवायची गोष्टही त्याने काढली. सारंग म्हणाला, "साहेब, बसवा खुशाल. मीटर मात्र माझ्या कमरेला राहील." त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागलो.

पुढे इंटर्नशिप संपली, आणि काही काळाने त्याच बाई वर्दी घालून जहाज तपासायला आल्या. मी तर पार ओळखू येईना असा, ग्रीसने काळा, क्लिपला पुन्हा तार. बाईंनी मला उचललं, निरखलं.

"टाकी उघडा," त्या फिटरला म्हणाल्या. "आणि ह्याला आत सोडून दाखवा. दिसतो कसा ते मला सांगू नका. काय म्हणतो ते सांगा."

आता मी म्हातारा झालोय. माझ्यातला प्राणवायू ओळखणारा भाग थकलाय, आकडा उशिरा हलतो. माझ्या कामात उशीर म्हणजे काय, ते मी टाकीत लोंबकळताना पाहिलंय. तेव्हा मला काढून टाका, मला त्याचं दुःख नाही. माझ्या जागी नवा मीटर आलाय. सारंगाच्या टेबलावर पडलाय, पिवळाधमक, देखणा. त्याच्या काचेवर कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच आहे. फिटरने काल ते बोटाने जरासं उचललं आणि पुन्हा नीट दाबून बसवलं. म्हणाला, "राहू दे, नवीन आहे."

जावईबापू, प्लास्टिकसाठी मला ओरडता येत नाही, म्हणून हात जोडून सांगतो. ते प्लास्टिक आज काढा.