हळू म्हणजे किती

“थांब, थांब. पाचवं पान संपलं आणि अजून बॉयलर पेटलेला नाही,” वकील म्हणाला आणि त्यानं वही मांडीवर उपडी ठेवली.

दुपारचे साडेतीन वाजले होते. पहाटे पाचला सुरू झालेली पाळी दोनला संपली आणि तिथून काका थेट वकिलाच्या घरी आले होते. गुडघे बोलत होते. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं तर डोळा लागेल, म्हणून ते पुढं वाकून बसले होते.

“पहिल्या पानावर बॉयलर कधी आला. दुसऱ्यावर तेव्हाचे मोठे साहेब कोण होते. तिसऱ्यावर तू कामाला कसा लागलास. अरे घुम्या, तोंडानं दिवसाला दहा शब्द बोलतोस आणि कागदावर एवढी वटवट?”

“लिहायला बसलं की आठवतं.”

“आठवू दे की. लिहू नकोस.”

वकील काही खरा वकील नव्हता. एके काळी तो आणि काका इस्पितळाच्या बॉयलरवर आळीपाळीनं काम करायचे. हा प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा म्हणून ते नाव पडलं आणि घट्ट बसलं. अठरा वर्षांपूर्वी वाफेनं त्याचा उजवा हात भाजला, बोटं एकमेकांना चिकटली आणि इस्पितळानं त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथंच होता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज डाव्या हातानं लिहून द्यायचा. काकांना इस्पितळात सगळे काका म्हणत, साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत. घुम्या म्हणणारा हा एकच. आणि काकांना अक्षरं शिकवली तीही यानंच, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

वहीचं कारण साधं होतं. महिनाअखेरीस काका निवृत्त होणार होते. नवा माणूस अठ्ठावीस तारखेला येणार, म्हणजे दोघांना मिळून तीनच दिवस. साहेब म्हणाले होते, “काका, दोन पानांत लिहून द्या, भिंतीला चिकटवू.” पण बॉयलर जुना, त्याच्या खोडी त्याहून जुन्या आणि त्या कुठल्याच कागदावर नव्हत्या. होत्या त्या काकांच्या डोक्यात, आणि ते डोकं तीस तारखेला फाटकाबाहेर पडणार होतं. एक तारखेच्या पहाटे नवा माणूस तिथं एकटा उभा राहील. त्याला काही झालं तर?

“मी खिडकीत बसून एक शिकलो,” वकील म्हणाला. “माणूस अर्ज सांगायला लागला की आधी पत्ता सांगतो, मग भाऊ वेगळे कसे झाले ते सांगतो, आणि उठता उठता म्हणतो, साहेब, बायको तीन दिवस बेशुद्ध आहे. मी ते शेवटचं वाक्य उचलून वर ठेवायचो. बाकीचं गाळायचो. तुझी वही आरामखुर्चीत बसून कोण वाचणार आहे? तो माणूस उभा असेल, हात ओले असतील, एक डोळा पाण्याच्या काचेवर असेल. त्याला एका नजरेत सापडलं पाहिजे.”

“म्हणजे सगळं परत?”

“सगळं परत. एका पानावर एकच काम. पाण्याचं पान वेगळं, भट्टीचं वेगळं.”

“कागद किती जाईल.”

“जाईना. तुझ्या सासऱ्याचा आहे का?”

आतून वहिनींचा आवाज आला, “चहा ठेवलाय. भांडू नका.”

“भांडत नाहीये गं. शिकवतोय.”

“तुमचं दोन्ही सारखंच असतं.”

वकील आवाज खाली आणून म्हणाला, “आणि रोज लिही. सुचेल तेव्हा नाही, रोज. एक जागा, एक वेळ. चार ओळी झाल्या तरी चालेल, पण उठताना ओळ अर्धी ठेवून उठ. म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची हे शोधत बसायला नको. आणि जे दिसेल ते कामावरच टिपून ठेव, चिठ्ठीवर. घरी येऊन आठवलेलं निम्मं खोटं असतं.”

दुसऱ्या दिवसापासून काका स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्याशी बसू लागले. चार ते साडेचार. काकूंनी तो कोपरा रिकामा करून दिला, पण फुकट नाही. “चाळीस वर्षांत माझ्यासमोर अर्धा तास कधी बसला नाहीत,” त्या म्हणाल्या. “बॉयलरचं नशीब थोर.”

काका हसले आणि लिहीत राहिले. अक्षर त्यांना अजूनही उचलावं लागे. दुसऱ्यांच्या हातून ते आपोआप पडतं. काकांच्या हातून प्रत्येक अक्षर भरलेल्या बादलीसारखं जायचं, न सांडता. कधी अर्ध्या तासात दोनच ओळी होत. कधी मान खाली जाई आणि पेन वहीवर रेघ ओढत घसरत जाई. मग ते तोंडावर पाणी मारून येत आणि ओळ अर्धी ठेवून उठत.

चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात साठत. एकदा काकू न्हाणीघरातून ओरडल्या, “अहो, तुमचा पंप धुण्यात गेला!” आणि लगदा झालेला कागद चिमट्यानं दोरीवर टांगून मोकळ्या झाल्या. काका दोरीखाली उभे राहून मान वाकडी करून त्यातलं वाचता येईल तेवढं वाचत होते. शेजारीण बघून गेली.

वीस तारखेपर्यंत पाण्याचं, भट्टीचं, पंपाचं पान झालं. वकील प्रत्येक पान मोठ्यानं वाचायचा. जिथं त्याचा श्वास अडकेल तिथं वाक्य तोडायचं, असा नियम होता. त्यामुळं काकांची वाक्यं दिवसेंदिवस आखूड होत गेली. मग आलं वाफेच्या पाइपाचं पान. त्यावर काका तीन दिवस अडून बसले. चौथ्या दिवशी त्यांनी वही पुढं केली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

वकिलानं वाचलं, “वाकड्या पाइपात पाणी साचलेले असू शकते. काळजी घ्यावी. पूर्वी येथे अपघात घडला आहे.”

तो थांबला. श्वास अडकण्याएवढी ती वाक्यं लांब नव्हती.

“काळजी घ्यावी म्हणजे काय करावं? कपाळाला हात लावून उभं राहावं?”

काकांची नजर खिडकीबाहेरच होती.

“आणि अपघात घडला. आपोआप घडला? पाइपाला कंटाळा आला होता?”

“साहेब वाचणार आहेत ते.”

“वाचू देत. साहेब व्हॉल्व्ह उघडायला येणार आहेत का?” वकिलानं आपला उजवा हात उचलून वहीवर ठेवला. चिकटलेली बोटं, वर चकचकीत ताणलेली कातडी. “सूचनेला कुणी घाबरत नाही, घुम्या. ह्याला घाबरतात. हे घाल त्यात.”

अठरा वर्षांत या गोष्टीवर दोघं एक शब्द बोलले नव्हते. बॉयलरपासून धुलाईघराकडे जाणारा वाफेचा पाइप भिंतीपलीकडे खाली वाकतो. थंड झालेल्या वाफेचं पाणी तिथं जमतं आणि एक झाकण ते आपोआप बाहेर टाकतं. त्या दिवशी पाळी संपताना झाकण अडकलेलं काकांना दिसलं. घरून निरोप आला होता, थोरल्या मुलीला ताप चढला होता, वकील पाळीवर यायला अजून वेळ होता. काकांना लिहिता येत नव्हतं. पाळीच्या नोंदवहीत ते सगळं ठीक असलं की गोल काढायचे आणि काही बिघडलं असलं की फुली मारायचे. त्यांनी फुली मारली आणि गेले. वकिलानं फुली बघितली. आठवडाभर पंप कुरकुरत होता, तेव्हा त्याला वाटलं फुली पंपाचीच. त्यानं पंप तपासला, तो ठीक होता. मग त्यानं वाफ सोडली. साचलेलं पाणी वाफेपुढं गोळ्यासारखं धावलं आणि सांधा फुटला.

आठव्या दिवशी काका वॉर्डात भेटायला गेले, तेव्हा पट्ट्यांत गुंडाळलेला वकील एवढंच म्हणाला होता, “उद्या येताना पाटी आण.”

“तुला राग नाही आला कधी?” काकांनी आता विचारलं.

“आला की. चांगला वर्षभर आला. मग खिडकीवर अर्ज वाढले, वेळ मिळेना.”

काकांनी पेन काढलं. घरचं टेबल नव्हतं आणि चारही वाजले नव्हते, तरी तिथंच, वकिलाच्या समोर बसून लिहिलं. चहा दोनदा गार झाला. वहिनी एकदा डोकावल्या आणि परत गेल्या. मग वकिलानं मोठ्यानं वाचलं:

“इथे पाणी साचते. झाकणावर भरवसा ठेवू नका. आधी निचऱ्याचा कॉक हाताने उघडा. पाणी येईल, नंतर कोरडी वाफ येईल. मगच मोठा व्हॉल्व्ह हळू उघडा. एकदा पाणी न काढता वाफ सोडली गेली. माझ्या जोडीदाराचा उजवा हात गेला. झाकण अडकले आहे हे मला माहीत होते. मला लिहिता येत नव्हते. मी नुसती फुली मारली होती.”



“‘गेला’ नको,” तो म्हणाला. “आहे अजून. ‘भाजला’ लिही.”

काकांनी दुरुस्त केलं.

“आता शेवटचं सांगतो. नवा आला की वही त्याच्या हातात दे. तू हात मागं बांधून उभा राहा आणि तोंड शिवून घे. तो जिथं अडेल तिथं चूक तुझी, त्याची नाही.”

“तोंड शिवायला जमेल मला.”

“तेवढंच जमेल.”

नवा माणूस आला तो चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, बोलायला मऊ. परवाना होता, पण त्यानं आजवर बटणांचे बॉयलर चालवलेले. ओळीखाली बोट ठेवून तो वाचायचा, करायचा, पुढची ओळ वाचायचा. पाण्याचं पान पार पडलं, भट्टीचं पडलं. काका भिंतीला टेकून, हात मागं घेऊन उभे होते. वाफेच्या पानाशी तो थांबला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“काका, ही फुली मारणारे कोण?”

“मी.”

त्यानं मान हलवली. निचऱ्याचा कॉक उघडला. पाणी आलं, मग वाफ आली. कॉक बंद केला. मग त्यानं मोठ्या व्हॉल्व्हचं चाक धरलं आणि फिरवलं.

भिंतीपलीकडे पाइप धाडकन वाजला.

काकांचे हात मागून कधी सुटले ते त्यांनाही कळलं नाही. चाक बंद झालं तेव्हा ते त्यांच्या मुठीत होतं.

“हळूच उघडला होता, काका,” नव्याचा चेहरा उतरला होता. “पाणीही काढलं होतं सगळं.”

“पाइप गार आहे. वाफ आत जाऊन परत पाणी होतं. म्हणून हळू.”

“हळूच उघडला ना. हळू म्हणजे किती?”

“हळू म्हणजे... हळू,” काका म्हणाले, आणि चाक सोडून त्यांनी वहीतला तो शब्द वाचला. ही पुन्हा फुलीच होती. फक्त या वेळी ती अक्षरांत होती.

त्या दिवशी ते वकिलाकडे गेले नाहीत. चार ते साडेचार टेबलाशी बसले आणि एकही ओळ झाली नाही. हळू म्हणजे किती हे त्यांच्या डोक्यात नव्हतंच. हाताला माहीत होतं आणि हात सांगत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नव्यानंच तोड काढली. “आज तुम्ही करा. मी बघतो आणि लिहितो. तुम्ही काय करताय याचा विचार करू नका, नेहमीसारखं करा.”

काकांनी केलं. वाफ धुलाईघरात पोचली, तिकडची यंत्रं फिरू लागली, पाइपातून चकार आवाज नाही. नव्यानं कागद वाचून दाखवला: “चाक पाव फेरा. मग तुम्ही चाकाशेजारचा हा बाक पुसलात. मग पाव फेरा. मग परत बाक पुसलात. मग अर्धा फेरा. मग परत बाक.”

“बाक मी स्वच्छतेसाठी पुसतो.”

“तीनदा? तेवढ्यात कुणी बसलंसुद्धा नव्हतं त्यावर.”

काका बाकाकडे बघत राहिले. मग हसायला लागले. बऱ्याच दिवसांनी, खांदे हलेपर्यंत. नवाही हसला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण टापटिपीचे आहोत. हात मात्र पाइप तापायची वाट बघत होता.

“मिनिटं लिहू या,” नवा म्हणाला. “बाक पुसायला दर वेळी दोनेक मिनिटं होतात.”

“मिनिटं नको. घड्याळ बघणारा घाई करतो. हात कामात असला की माणूस थांबतो.” काकांनी वही घेतली, ‘हळू’ या शब्दावर रेघ मारली आणि लिहिलं: पाव फेरा. मग बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसावा. मग दुसरा पाव फेरा. परत बाक. मग अर्धा फेरा.

तीस तारखेला काका पोचले तेव्हा नवा आधीच आला होता आणि भट्टी पेटली होती. सात वाजता वाफ सोडायची वेळ झाली. त्यानं वही उघडून दाराजवळच्या स्टुलावर ठेवली. कॉक, पाणी, वाफ. चाक पाव फेरा. फडकं घेऊन बाक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा चाक. एकदाही त्यानं काकांकडे बघितलं नाही. भिंतीपलीकडे पाइप गप्प होता. थोड्या वेळानं धुलाईघरातून यंत्रं फिरल्याची घरघर आली.

काकांच्या हातांना काही काम नव्हतं. त्यांनी ते खिशात घातले, बाहेर काढले.

नवा स्टुलापाशी वाकला आणि कानावरची पेन्सिल काढून वहीच्या समासात काहीतरी लिहू लागला. काकांच्या ओळीशेजारी, स्वतःच्या अक्षरात. काय लिहितोय ते बघायला काका दारातून पुढं झुकले.

“काका, जरा सरता का?” वर न बघताच तो म्हणाला. “उजेड अडतोय.”

काका दोन पावलं सरले. पानावर अजून सावली होती, म्हणून आणखी एक पाऊल सरले.