काजळीची बाजू

त्या दोघांमधून विस्तव जात नसे, आणि कारण काय, तर एक लाल त्रिकोण! रशियातल्या क्रांतीच्या धामधुमीत एका चित्रकर्तीने तो काळ्या पट्ट्यावर रंगवला आणि कुठे सहीसुद्धा न करता ती वारली. आपल्याकडच्या एका कला-अभ्यासक बाईंनी उभा जन्म त्या एका चित्रावर काढला. त्यांचं म्हणणं, त्रिकोणाचं टोक वर. संग्रहालयाने तसंच टांगलं. दुसऱ्या शहरातल्या एका खडूस प्राध्यापकांचं म्हणणं, बाईंनी चित्र डोक्यावर उभं केलंय! त्या चित्राबद्दल लिहिणारी माणसं जगात दोनच, आणि वाचणारीही तीच. बाईंचं लग्न राहून गेलं, भाचरं मोठी होऊन पांगली. प्राध्यापकांचा त्यांना झोडपणारा लेख मात्र दरवर्षी न चुकता यायचा.

यंदा आला नाही. "थकला वाटतं म्हातारा," असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना चैन पडेना.

अशात चित्र सफाईला उतरवलं आणि संग्रहालयाने बसवलेली चौकट पहिल्यांदाच निघाली. बाई चष्मा सावरत धावल्या. चित्रकर्तीच्या खोलीत कोळशाची शेगडी असायची. तिथे भिंतीवर उघड्या टांगलेल्या चित्राच्या वरच्या कडेवर काजळी बसणारच. बाईंनी वरच्या कडेवरून बोट फिरवलं. स्वच्छ. खालच्या कडेवरून फिरवलं, तर बोट काळंकुट्ट!

पडलो तरी नाक वर, असा बाईंचा स्वभाव. पण या वेळी राग आलाच नाही. हे आधी त्यालाच सांगायला हवं, एवढंच वाटलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी प्राध्यापकांना फोन लावला.

उचलला मुलीने. "बाबा गेल्या महिन्यात गेले हो. तुम्ही त्या त्रिकोणवाल्या बाई ना? कायम तुमच्या नावाने खडे फोडायचे. शेवटी शेवटी मला ओळखेनात, पण 'त्या बाईला सांगा, उलटं आहे ते!' हे चालूच."

बाईंना हुंदका आवरेना. सख्ख्या माणसांनीसुद्धा त्यांची इतकी आठवण कधी काढली नव्हती.

घरी जेवणाच्या टेबलासमोर त्या चित्राची मोठी छापील प्रत होती. बाईंनी ती उतरवली, दोरी सोडून दुसऱ्या बाजूला बांधली आणि टोक खाली करून पुन्हा टांगली. मग ताट न वाढताच खुर्चीत बसून राहिल्या.

"जिंकलात हो," शेवटी त्या म्हणाल्या. "आता भांडा की."