निशिगंधाची पाठ माझी होती

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. शर्यतीच्या गाडीची. तुमच्या घरच्या गाडीत असते तशी मऊ, गादीवाली, कुणीही यावं आणि ऐसपैस बसावं अशी मी नाही. माझ्यात एकच माणूस नीट बसू शकतं, कारण त्याच्या पाठीवरूनच मला घडवलं आहे. ते माणूस म्हणजे निशिगंधा.

निशिगंधा कासू गावची. घरी भातशेती, आणि भात निघालं की त्याच जमिनीत वाल. ती पेणजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. तिथल्या मुलामुलींनी मिळून शर्यतीची एक छोटी गाडी बांधली. चाकं उघडी, नाक निमुळतं, जागा एकाच माणसाची. अशा गाड्या बांधणाऱ्या कॉलेजांची दर वर्षी स्पर्धा असते. गाडी चालवायला निशिगंधाला निवडलं, कारण वळणावर सगळ्यांचे डोळे मिटत आणि तिचे उघडे राहत.

माझा जन्म पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात झाला. साचा काढणं आणि फायबर चढवणं हे तिथलं रोजचंच काम, म्हणून मुलं तिकडे गेली. सीट कशी करतात ते सांगते. गाडीच्या सांगाड्यात एक मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवतात, तिच्यात दोन औषधं ओततात आणि तिच्यावर माणूस बसवतात. औषधं एकमेकांत मिसळली की उतू जाणाऱ्या दुधासारखी फुगतात, पाठीमागची सगळी रिकामी जागा भरतात आणि तशीच घट्ट होतात.

निशिगंधा त्या दिवशी सकाळपासून वाल तोडून, धावत गाडी पकडून आली होती. कारखान्यात वीज गेलेली, कारागीर चहाला बाहेर. बघ्यांची गर्दी नव्हती. फुगणाऱ्या फेसाची ऊब पाठीला लागली आणि पोरीचा डोळा लागला.

हौसाबाई मूर्तींना पॉलिशपेपर मारायच्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"झोपली काय रे ही?"

"हलवू का मावशी?" अंबरीशने विचारलं. गाडीचा आराखडा तोच काढायचा.

"नको रे बाबा. निजू दे. कधी उठलीय कोण जाणे."

तर मित्रांनो, मी एका दमलेल्या, निर्धास्त झोपलेल्या मुलीच्या पाठीभोवती आकाराला आले. तिचा उजवा खांदा थोडा खाली असतो, ते मला ठाऊक झालं. कमरेशी किती खळगा, मान कुठे टेकते, श्वास सोडला की पाठ किती पसरते, सगळं ठाऊक झालं. पुढे वर्षभर ती माझ्यात बसली. ब्रेक दाबताना सगळं वजन माझ्यावर टाकायची आणि मी तिला धरून ठेवायचे. "हिच्यात बसलं ना, की मी गाडीत हाय का घरी तेच कळत नाय," असं ती एकदा म्हणाली होती. त्या वाक्यावर मी कित्येक दिवस काढले. स्पर्धेत आम्ही शेवटून दुसरे आलो, पण सीटला कुणी बोल लावला नाही.

मग नवी गाडी आली.

अंबरीशच्या डोक्यात एक कल्पना होती. ड्रायव्हरला ताठ बसवण्याऐवजी मागे रेलून, जवळजवळ आडवं बसवायचं. माणूस खाली गेला की गाडीचं वजन जमिनीजवळ जातं, वळताना ती कमी कलते, आणि हवा डोक्यावरून अलगद निसटते. सगळे त्या चित्राभोवती गोळा झाले. मी कोपऱ्यात होते. माझ्यात कुणीतरी ऑईलचे डबे ठेवले होते.

नव्या गाडीला नवी सीट हवी. पुन्हा तोच कारखाना. मला नमुना म्हणून नेलं आणि रंगाची वाट बघणाऱ्या मूर्तींच्या रांगेत टेकवून ठेवलं, म्हणून मला सगळं दिसलं. या वेळी तिथे जत्रा होती. प्राचार्य आले होते, कॉलेजातल्या मुली मोबाईल धरून उभ्या होत्या, कारागीर कामं सोडून बघत होते. निशिगंधा केस बांधून, नवा शर्ट घालून आली होती. माझ्या वेळी वालाच्या शेंगांचा वास होता तिच्या अंगाला.

"हलू नको गो," हौसाबाई कौतुकाने म्हणाल्या. "मूर्तीसारखी बस. आमचा बाप्पा हलतो काय कधी?"

सगळे हसले. निशिगंधाने पोट आत घेतलं, खांदे सरळ केले, श्वास धरला. आणि फेस फुगला.

नवी सीट बाहेर निघाली ती अशी देखणी, की माझा जीव जळला. काळीभोर, चकचकीत, दोन्ही खांदे अगदी एका रेषेत. तिच्यापुढे नारळ फोडला. निशिगंधाने तिच्यावरून हात फिरवला आणि त्याच हाताने फोटो काढला. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, मित्रांनो, त्या रात्री मी मनाशी म्हटलं, ही मोडू दे. नाहीतर निदान टोचू दे.

स्पर्धेच्या आधी गाड्यांची चाचणी घेतात. रोह्याजवळ एका बंद कंपनीचं ट्रक लावायचं मोठं पटांगण आहे, तिथे आमची टीम गेली. जुनी गाडीही नेली, म्हणजे मीही गेले. एकाच जागी, एकाच दिवशी दोन्ही गाड्या चालवल्या की नवी किती सुधारली ते कळतं. पटांगणावर दुसऱ्या एका कॉलेजची लाल गाडीही आली होती.

नव्या गाडीत निशिगंधा. जुन्या गाडीत, म्हणजे माझ्यात, ऋत्विक. हा नागोठण्याचा, टीमचा दुसरा ड्रायव्हर. चांगला मुलगा, पण अंगाने दुप्पट.

"ही सीट हाय का सांडशी?" तो माझ्यात शिरत म्हणाला. "माझी कंबर हिच्यात मावत नाय."

"कोलाडला थांबून मिसळ दोनदा कुणी मागितली?" निशिगंधा म्हणाली.

"मिसळ अंगावर चढवता येते, उतरवता येत नाय. माझा काय दोष?"

असा तो माझ्यात अर्धा आत, अर्धा बाहेर बसला. मला तो अपमान वाटला. आणि तरी, मित्रांनो, आमच्या फेरीला नव्या गाडीइतकाच वेळ लागला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. लाल गाडी तर दोघींच्या पुढे होती.

"ते खरा वेग दाखवत नसतील," निशिगंधा म्हणाली. "चाचणीत टाकी भरून, वजन वाढवून पण चालवतात म्हणे."

"मग खरा दाखवला की आणखीच पुढे जातील," अंबरीश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आपण काय लपवलंय? आपलं आहे ते हेच."

त्याने पेणहून आणलेला मूर्तींचा गुलाबी रंग रॉकेलात कालवला आणि नव्या गाडीवर शिंपडला. गाडी पळाली की वारा तो ओला रंग मागे ओढत नेतो, आणि हवा कुठून कशी गेली त्याच्या रेघा गाडीवर उमटतात. गाडी फिरून आली. नाकावरच्या रेघा सरळ होत्या, विंचरलेल्या केसांसारख्या. पण हेल्मेटच्या मागे नुसता गुंता. अंबरीश त्या गुंत्याकडे बघत उभा राहिला. वर्षभर काढलेली चित्रं चुकली, असं त्याला वाटलं.

"आज हिने जुनीला मागे टाकलं नाही, तर स्पर्धेला जुनी नेऊ," तो शेवटी म्हणाला.

मला किती आनंद झाला ते काय सांगू. नवी सीट तिथे चकाकत होती, आणि मला वाटलं, चकाक बये, आता तुझ्यात डबे ठेवतील.

"मला चालवून बघू दे ना नवी एकदा," ऋत्विक म्हणाला.

"तू हिच्यात मावशील तरी का?" निशिगंधा फटकन बोलली. नेहमीसारखी हसली मात्र नाही.

दुपारी सगळे सावलीत डबे सोडून बसले. निशिगंधाने डबा उघडलाच नाही. ती चालत जुन्या गाडीपाशी आली, आत उतरली आणि माझ्यावर रेलली.

मी तिची वाट बघत होते. खूप काही सुनावायचं ठरवलं होतं मी. पण ती टेकली आणि मला तिची पाठ लागली. ती पाठ मला ओळखू येईना. दगडासारखी आवळलेली, खांद्याच्या हाडापाशी धगधगत होती. ती हळूहळू सैल झाली, उजवा खांदा खाली आला, मान आपल्या जागी टेकली. आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता. तिचा हुंदका मला आतून कळत होता. माझा राग कुठे गेला ते मला समजलं नाही. माझ्यासारखीच सीट जिला एवढं दुखवत होती, तिने सकाळपासून कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

अंबरीश हात पुसत आला. बोटं अजून गुलाबीच होती.

"काय गं, इथे काय करतेस?"

"काय नाय."

"निशिगंधा."

तिने बाहीने डोळे पुसले. "पाठ धरलीय. नवी सीट खांद्यात रुततेय. मान वर काढल्याशिवाय समोरचं दिसत नाय."

अंबरीशने तिच्याकडे पाहिलं, मग नव्या गाडीवरच्या रंगाच्या गुंत्याकडे. "म्हणजे तू डोकं वर काढून चालवतेयस? सकाळपासून?"

"व्हय."

"आणि मी डोक्यामागचं इंजिनाचं झाकण चुकलं म्हणून बसलोय. सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, हिला झेपत नाय. गाडी ऋत्विकला दिली असती."

"ऋत्विकला?" अंबरीशने मागे पाहिलं. ऋत्विक तेव्हा तिचाही डबा उघडत होता. "तो आत गेला तर काढायला क्रेन लागेल."

ती रडतारडता हसली. अंबरीशने नव्या सीटवर हात फिरवला, मग तिच्या पाठीमागून माझ्यावर. "नवी किती ताठ आहे बघ. तू अशी बसतेस तरी कधी?"

"सगळे बघत होते ना तेव्हा," ती म्हणाली.

नवी सीट पुन्हा घडवायला वेळ नव्हता. अंबरीशने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं काय होणार ते. ऋत्विकने करवत आणली. निशिगंधा म्हणाली, "हिला कापायची?" तिने आधी माझ्यावर हात ठेवला. पूर्ण तळवा. मग बाजूला झाली.

कमरेपासून वर मला कापलं. नव्या सीटचीही तेवढीच पाठ कापली आणि तिच्या जागी मला बसवून, पट्ट्या आवळून, चिकटपट्टी गुंडाळली. दिसायला मी काही शोभत नव्हते. काळ्याभोर सीटवर जुनी, करडी, खरवडलेली पाठ. पण निशिगंधा आत उतरली, रेलली, आणि तिचं डोकं अंबरीशच्या चित्रात होतं तिथे जाऊन टेकलं, आणि तिथून तिला समोरचंही दिसू लागलं. अंबरीशने पुन्हा रंग शिंपडला. पहिल्या फेरीत ती वळणावर सावध होती. दुसऱ्या फेरीत तिने माझ्यावर सगळं वजन टाकलं. गाडी परतली तेव्हा हेल्मेटच्या मागच्या रेघा सरळ होत्या, आणि फेरी जुन्या गाडीहून चांगलीच जलद झाली होती. लाल गाडीची पोरं आपली कामं थांबवून आमच्याकडे बघत होती.

स्पर्धेला नवी गाडी गेली, निशिगंधाच गेली, आणि माझा वरचा भाग तिच्या पाठीशी गेला. खालचा भाग इथे कॉलेजच्या शेडमध्ये आहे. माझ्या शेजारी नव्या सीटची ती कापलेली ताठ पाठ पडली आहे. सुरुवातीला मी तिच्याशी बोलत नव्हते. अजूनही तिचा चकचकीत रंग बघितला की पोटात थोडं जळतं. पण तिचा तरी काय दोष? तिच्यावर एक घाबरलेली मुलगी श्वास धरून बसली होती, आणि सीट काय करणार, जसं माणूस टेकेल तसा आकार घेणार.

मित्रांनो, तुमच्याही घरात कधी कुणी नवं येईल. सगळ्यांचे हात त्याच्यावरून फिरतील आणि तुम्हाला वाटेल की आपल्याला कोपऱ्यात ठेवलं. वाटू दे. हेवा वाटला म्हणून कुणी वाईट होत नाही. फक्त कुठे दुखतंय ते ज्यांचं तुमच्यावर प्रेम आहे त्यांना सांगा, आणि दुसरं कुणी गप्प गप्प झालं तर त्याच्या शेजारी बसून विचारा. मला काही सांगायचं असलं तरी गाडीत माझं कोण ऐकणार होतं? तुमचं ऐकायला माणसं आहेत.