ठसक्याचा टोप आणि नखाएवढं लोणी

या, बसा. पाय पसरून बसा, मला कसलीही घाई नाही. दोनशे माणसांचं जेवण ज्याच्या पोटात मावतं, त्याच्या पोटातून एक गोष्ट निघणार नाही होय? निघेल. आणि खरी निघेल. ऐका तर मग.

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. अल्युमिनियमचा, जाड बुडाचा, दोघांनी उचलायचा. मला घडवलं दोघा भावांनी. एक पत्रा धरायचा, दुसरा ठोकायचा, आणि दोघं दिवसभर एकमेकांचा उद्धार करायचे. मला कान बसवले आणि त्या कानांवर पहिले शब्द पडले ते असे, "अरे वाकडं धरतोस, गाढवा!" तेव्हापासून कुणी आवाज चढवला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

तिथून मी दोरखंडाच्या कारखान्यात आलो, कँटीनला. आलो तोच पडलो. हमालांच्या हातून निसटलो आणि पायरीच्या कडेवर आपटलो. बाहेरून पोचा पडला, आतून बुडाला टेंगूळ आलं. आचाऱ्यानं मला उलटासुलटा करून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "घ्या! शाळेत जायच्या आधीच पोरगं मार खाऊन आलं!"

या आचाऱ्याला सगळे ठसका म्हणायचे. त्यानं फोडणी दिली की गेटवरचा रखवालदारसुद्धा खोकायचा, म्हणून ठसका. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, मी कधी ऐकलं नाही.

माझ्या टेंगळापाशी कालथा नीट फिरत नसे. तिथं हमखास लागायचं, करपायचं. पहिले आठ दिवस ठसक्यानं शिव्या दिल्या, नवव्या दिवशी उपाय काढला. कमरेच्या फडक्यात तो लोण्याची एक डबी खोचून ठेवायचा. भट्टीवर चढवायच्या आधी अंगठ्यानं नखाएवढं लोणी काढायचं आणि टेंगळाभोवती गोल फिरवायचं. बस. मग काय बिशाद लागायची! एकवीस वर्षं त्यानं रोज हे केलं. पुढं पुढं तर त्याला कळायचंही नाही आपण करतोय ते. तोंड मुकादमाशी भांडत असायचं आणि अंगठा माझ्या बुडाशी फिरत असायचा.

त्या एकवीस वर्षांत मी काय काय शिजवलं! हाडं, पाय, काळीज, आख्ख्या कोंबड्या. वाईट वाटायचं का म्हणाल तर खोटं कशाला बोलू? टोपाला वाटत नसतं. आलं ते घेतलं, शिजवून दिलं. लोक म्हणायचे, "ठसक्या, आज टोप चाटून खाल्ला!" कौतुक त्याचं, चाटणं माझं. चाललं होतं बरं.

ठसक्याची थोरली बहीण आक्का. दवाखान्यात नर्स होती. आई लवकर गेली, तेव्हा ठसक्याला पहिला घास भरवला तो आक्कानं. मोठा झाल्यावर ठसक्यानं ते फेडायचं ठरवलं. दर सुट्टीला आक्का यायची, माझ्याशेजारच्या बाकावर बसायची आणि भावाच्या हातचं जेवायची. ठसका समोर उभा राहून तिचं तोंड बघायचा. ती "हं" म्हणाली की गडी आठवडाभर खूश.

नर्सची नोकरी संपली, पण आक्काचे हात काही बसेनात. ती गल्लीतल्या कुत्र्यांना मलमपट्टी करायला लागली, मग विटा वाहणाऱ्या गाढवांच्या पाठी धुवायला लागली. चार बायका, दोन म्हातारे तिच्याबरोबर हिंडायचे. लोक हसायचे, ती हसणाऱ्यांच्या हातात कापसाचं बंडल द्यायची आणि म्हणायची, "हसता हसता धरा जरा."

एकदा कोपऱ्यावर कोंबड्यांचा ट्रक उलटला. आक्का दिवसभर रस्त्यात बसून मोडक्या पंखांना काड्या बांधत होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी. ठसक्यानं नेहमीचं ताट पुढं ठेवलं. तिनं घास उचलला आणि परत ठेवला.

"ठसक्या, नाही रे जात. बोटांना अजून ते पंखच लागतायत."

"उद्या जाईल."

"नाही जाणार. मला माहितीये."

पुढं तिनं अंडी सोडली. मग गोठ्यामागं आईपासून तोडून दाव्याला बांधलेली वासरं बघून आली आणि दूध, दही, लोणी सगळंच सोडलं. ठसक्याला ते फार लागलं. तो म्हणाला, "माझ्या हातचं टाकलंस म्हणजे मलाच टाकलंस." ती म्हणाली, "तुला कुठं टाकलं? तू काय कोंबडी आहेस?" पण तो हसला नाही. चार वर्षं ती दर सुट्टीला यायची, त्याच बाकावर बसायची, बिनदुधाचा चहा प्यायची आणि जायची. चार वर्षं त्याच्या हातचा घास तिच्या पोटात गेला नाही. तो तिला वाढायला जायचा नाही आणि ती मागायची नाही. दोघंही एका मातीचे, हट्टी.

मग माझीही गरज संपली. कँटीनला वाफेवर शिजवायचं नवं यंत्र आलं. बटण दाबलं की काम झालं. मला मागच्या अंगणात भिंतीशी आडवं टाकून दिलं. पाऊसपाणी, गंज नाही पण शेवाळ, कडेला कोळिष्टकं. एक दिवस एक खुरडणारी कुत्री आली, आत शिरली आणि तिनं पाच पिलं घातली. मला काय, पोटात काहीतरी होतं एवढं खरं.

त्या कुत्रीला औषध द्यायला आक्का रोज यायची. पिलं मोठी होऊन पांगली, कुत्रीला आक्काबरोबरच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं घरी नेलं. आक्कानं मला वाजवून बघितलं आणि ठसक्याला हाक मारली.

"हा टोप मला दे."

"कुत्र्यांना आंघोळ घालणार?"

"माणसांना जेवू घालणार. मी तुमच्या मुकादमाला म्हटलंय, आठवड्यातून एक दिवस कँटीनमध्ये जनावराचं काही नको. तो म्हणतो, आधी खाऊ घाल, मग बघू. येत्या सुट्टीला गेटसमोर दीडशे माणसं बोलावलीयत."

"आणि रांधणार कोण? तुझे ते दोन म्हातारे?"

"बघू कोणीतरी."

ठसका माझ्याभोवती एक फेरी मारून आला. "टेंगूळ आहे याला. कुणाच्याही हाताला नाही यायचा. मीच करतो." मग घुटमळत, जमिनीकडं बघत म्हणाला, "तू जेवशील?"

"त्यात जनावराचं काही नसलं तर का नाही जेवणार?"

मित्रांनो, त्या दिवशी ठसक्यानं मला वाळूनं घासलं ना, नवा होतो तेव्हाही मी इतका लखलखलो नव्हतो.

सुट्टीचा दिवस आला. घेवडा, लाल भोपळा, टोमॅटो, वर वाटलेले शेंगदाणे, शेजारी पावाच्या लाद्या. एकेक वस्तू आक्कानं स्वतः बघून दिलेली. भट्टी पेटली. मुकादम समोर खुर्ची टाकून बसला होता. "काय ठसका, आज आम्हाला वैरण का?" ठसका म्हणाला, "वैरण घालीन, पण आधी तुझी शिंगं कुठायत ते दाखव." लोक हसले. ठसका हसला. आणि हसता हसता त्याचा हात कमरेला गेला, जुन्या सवयीनं अजून तिथंच खोचलेल्या डबीत गेला आणि माझ्या बुडाशी गोल फिरला.

मला कळलं. पण मला तोंड आहे, जीभ नाही.

तासाभरानं वास असा सुटला की माणसं रांग मोडायला लागली. आक्का स्टुलावर उभी राहिली. "ऐका! या टोपात कुठल्याही जनावराचं काही नाही. माझा शब्द." मग खाली उतरली आणि पहिलं ताट तिनंच पुढं केलं, भावापुढं. ठसक्यानं डाव भरला, तिच्या ताटात ओतला. थोडं अंगठ्यावर सांडलं. त्यानं अंगठा कमरेच्या फडक्याला पुसला आणि तिथं डबी हाताला लागली. झाकण उघडंच होतं.

त्याचा चेहरा कसा झाला ते मी खालून बघितलं. आक्कानं पाव मोडला, बुडवला, उचलला.

"आक्का, थांब!"

"काय रे?"

"घात झाला." आवाज अगदी खाली. "लोणी गेलं. टेंगळाला लावलं मी. हाताच्या सवयीनं."

तिनं घास खाली ठेवला. "किती?"

"नखाएवढं. कुणाला कळणार नाही. तुलासुद्धा कळलं नसतं."

"मग सांगितलंस कशाला?"

ठसका डाव धरून उभा. डोळ्यांत धूर गेला असेल. "तू खाणार होतीस म्हणून."

आक्का पुन्हा स्टुलाकडं निघाली, पण ठसक्यानं तिला हातानं मागं सारलं आणि डाव माझ्या कानावर असा हाणला की सगळी रांग गप्प.

"ऐका रे! माझ्या हातून यात लोणी गेलंय. चूक माझी, आक्काची नाही. तिचा शब्द या टोपाला लागू नाही. ज्याला चालतंय त्यानं हे खा. ज्याला तिच्या शब्दाचं खायचंय त्यानं तासभर थांबा, दुसरं चढवतो."

मुकादम खो खो हसला. "नखभर लोण्यासाठी? अरे वेडा की काय तू?" बरेच जण हसले. शंभर-सव्वाशे माणसं तेच जेवली, जेवून घरी गेली, त्यांना कोण दोष देणार? मला रिकामं केलं, राखेनं तीनदा घासलं, ती डबी आक्काच्या हवाली केली. तीसेक माणसं थांबली. मुकादमही थांबला, गंमत बघायला म्हणून.

दुसऱ्या वेळी ठसका भट्टीपासून हलला नाही. टेंगळाभोवती कालथा घालून सारखा खरवडत राहिला, हात भरून आला तरी. तरीसुद्धा लागलंच थोडं. मी काय करणार? माझा जन्मच तसा.

आक्कानं ताट पुढं केलं. त्यानं वाढलं. तिनं घास घेतला, चावला.

"करपलंय," ती म्हणाली.

"हो."

"अजून वाढ."

त्यानं वाढलं. आणि मग तो तिच्यासमोर उभा राहिला नाही. स्वतःचं ताट घेऊन तिच्याशेजारी बसला.

मुकादमानं दोन वाट्या खाल्ल्या. पावानं ताट पुसत म्हणाला, "चव काही खास नाही. पण या टोपात काय आहे ते मला माहितीये. आपल्या त्या यंत्रात काय असतं, कुणी सांगितलंय का आजवर?" कँटीनला आठवड्याचा एक दिवस मिळाला नाही, महिन्याचा मिळाला. आक्का म्हणते, सुरुवात म्हणून चालेल. ठसका म्हणतो, बघा तुम्ही, वाढवून घेतो. दोघं आता यावरूनही भांडतात. मला बरं वाटतं ऐकायला.

मित्रांनो, मी टोप आहे. मला कळवळा येत नाही, रागही येत नाही. काय शिजवावं ते मी ठरवत नाही, तुम्ही ठरवता. त्या एकवीस वर्षांत माझ्यात जे जे पडलं, ते कुणाच्या तरी हातानं सवयीनं टाकलं, बघून टाकलेलं मला फार थोडं आठवतं. म्हणून एवढीच विनंती. माझ्यासारख्या कुठल्याही भांड्यात काही घालायच्या आधी जरा हात थांबवा, आणि हे कुठून आलं ते एकदा बघा. मग घाला.