सोमवारची यादी

"काका, बसा जरा," आरती सिस्टर म्हणाली.

मी चहा घेऊन नुकताच वर आलो होतो. बसलो. तिच्यामागून डॉक्टर आले आणि त्यांनी सांगितलं. डायलिसिसचा तिसरा तास चालू असताना हृदय बंद पडलं. वीस मिनिटं प्रयत्न केले, उपयोग झाला नाही.

माझी बायको सत्यशीला अशी गेली. गुरुवार होता, सव्वाअकरा वाजले होते. चार वर्षं आठवड्यातून तीनदा मी तिला तिथं नेत होतो आणि तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसत होतो. शेवटचे पाच महिने मात्र बाहेरच्या बाकावर बसलो. आत बसू नका, असं तिनंच सांगितलं होतं.

मुलगा सुनील चाकणहून येईपर्यंत सगळं मंचाच्या लोकांनी केलं. शववाहिनी आणली, अमरधामला सांगून ठेवलं, दारात सतरंज्या टाकल्या. मला कुणाला फोनसुद्धा करावा लागला नाही. कुटुंब संस्कार मंच ही आमची संघटना. आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलामुलींच्या लग्नाची नोंद होऊ नये, असा कायदा करा, ही आमची मुख्य मागणी. त्यासाठी आम्ही सह्या गोळा करतो, कलेक्टर कचेरीत निवेदनं देतो, कॉलेजांमधून व्याख्यानं ठेवतो. अध्यक्ष शामकांतराव निवृत्त मुख्याध्यापक. माणूस शब्दाचा पक्का. सत्यशीलाला रक्त लागलं तेव्हा दोन बाटल्यांची सोय त्यांनीच केली होती.

मी कोपरगावकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होतो. निवृत्त झालो, शीलाच्या किडन्या गेल्या, म्हणून नगरला राहायला आलो. इथं ओळखीचं कुणी नव्हतं. शामकांतरावांनी बोलावलं, बसायला खुर्ची दिली, माझं अक्षर पाहिलं आणि काम दिलं. दर सोमवारी विवाह नोंदणी कार्यालयात जायचं. नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं तर महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. ती बाहेर काचेच्या बोर्डात लावतात. दोघांची नावं, वय, कायमचा पत्ता, फोटो. त्या नोटिसा उतरवून घ्यायच्या आणि यादी शामकांतरावांना द्यायची. मग त्या त्या तालुक्यातली आमची माणसं मुलीच्या घरी जाऊन आईवडिलांच्या कानावर घालत.

मला त्यात वावगं वाटत नव्हतं. ज्यांनी वाढवलं त्यांना आधी कळावं, एवढंच मी समजत होतो. पुढं काय होतं ते मी विचारत नसे. मी फक्त लिहीत होतो.

डायलिसिसच्या सेंटरवर स्नेहल नावाची सिस्टर होती, श्रीगोंद्याकडची. शीलाच्या डाव्या हाताची शीर अवघड होती. दोन जाड सुया घालाव्या लागत. स्नेहल एका टोचण्यात घालायची. दुसरं कुणी आलं की शीला हात पदराखाली घ्यायची. "माझी पोरगी येऊ द्या," म्हणायची.

दोघींचं चांगलं जमायचं. दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी कमी प्यायचं असतं, नाहीतर वजन वाढतं. स्नेहल काट्यावरचा आकडा पाहून म्हणायची, "काकू, दोन दिवसांत तीन किलो? तांब्यानं पिलात का विहिरीवर जाऊन आलात?"

शीला म्हणायची, "ऊन किती हाय बाई. तुझ्या लग्नात पिऊन घेते पोटभर, मंग मशीनवर टाक."

"चालेल. तुमच्या पंगतीत मी स्वतः पाणी वाढते," स्नेहल म्हणायची.

हे मी शेजारी बसून ऐकत असे. हसतही असे.

एका सोमवारी बोर्डावर स्नेहलचा फोटो दिसला. शेजारी मुलाचा. तो त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये होता, वेगळ्या जातीचा. नाव वाचलं, वडिलांचं नाव बजरंग, पत्ता श्रीगोंदा तालुका. मी पेन काढलं आणि तसाच उभा राहिलो. गाळता आलं असतं. माझ्यावर देखरेख करायला कुणी नव्हतं. पण तीन वर्षांत मी एकही नाव गाळलं नव्हतं. हिचं गाळायचं, तर आधीच्या एवढ्या जणींची का लिहिली, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी लिहिलं. मनाला सांगितलं, शहाणी पोर आहे, बापाशी बोलेल, काहीतरी मार्ग निघेल.

बुधवारी शामकांतरावांनी मला मुद्दाम बोलावून बजरंगांचा फोन ऐकवला. "लई उपकार झाले गुरुजी," ते सांगत होते. "आमाला काय बी ठावं नव्हतं. तुमच्यामुळं इज्जत वाचली."

गुरुवारी स्नेहल कामावर नव्हती. शनिवारीही नाही. नवीन ब्रदरनं शीलाला तीनदा टोचलं. कोपरापासून दंडापर्यंत हात काळानिळा झाला. स्नेहलची खोलीतली मैत्रीण म्हणजे ही आरती. तिनं शीलाला सांगितलं, की बाप आणि चुलते गाडी घेऊन आले आणि स्नेहलला घेऊन गेले. नोकरी सोडवली. लग्न होणार हे तिनं फक्त दोघींना सांगितलं होतं, आरतीला आणि काकूंना. आता ती दोघींचाही फोन उचलत नाही.

मी स्टुलावर होतो. आरती माझ्याकडे वळून म्हणाली, "नोटीस लावली होती काका, पण तो बोर्ड कोण वाचतंय? आमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं, असं तिला वाटणारच."

घरी आल्यावर शीला खाटेवर बसली, दुखरा हात मांडीवर घेतला.

"तुमी लिवलं का तिचं नाव?"

"हो."

"माझ्या हाताकडं बघून तरी गाळायचं हुतं."

मी म्हणालो, एकीला सोडून कसं चाललं असतं. नियम तो नियम. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा नियम तुमच्यापाशी. त्या पोरीला वाटतंय मी चुगली केली. तुमी श्रीगोंद्याला जावा आन् तिला सांगा, काकूनं न्हाई सांगितलं, आरतीनं बी न्हाई, मी लिवलं. एवढं करा."

मी जातो म्हणालो. पुढच्या गुरुवारी खाटेवर टेकता टेकता तिनं मला बाहेर बसायला सांगितलं. आरतीच आता सुया घालत होती. आरतीसमोर मी गप्प बसून राहतो, ते तिला बघवत नव्हतं.

भांडण झालं नाही. घरात ती बोलायची, भाकरी करायची, माझ्या गोळ्यांची आठवण द्यायची. पहिल्या महिन्यात दोनदा विचारलं, "गेल्ता का?" मी सांगितलं, मंचाच्या आंदोलनाची गडबड आहे, ती उरकली की जातो. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं, कशानं काही झालं असं नाही. मी ते मानतो.

दहाव्याला नदीवर बरीच माणसं आली. प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. शामकांतराव म्हणाले, वहिनींनी दुखणं सोसून रंगनाथरावांना समाजकार्यासाठी मोकळं ठेवलं. अशा माउल्यांच्या त्यागावरच आपलं काम उभं आहे. लोकांनी माना हलवल्या. सुनीलनं डोळे पुसले. मी मुंडण केलेल्या डोक्याच्या मुलाशेजारी बसून राहिलो.

आरती आली होती. ड्यूटी बदलून घेतली म्हणाली. माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ आली.

"स्नेहलला मेसेज केला होता, काकू गेल्या म्हणून," ती म्हणाली. "तिनं वाचला. उत्तर नाही दिलं. मला नाही दिलं ते ठीक आहे काका. पण काकूंसाठी तरी द्यायला हवं होतं ना?"

आम्ही दोघंच होतो. घाटावर पत्रावळी गोळा करत होते, त्यांचाच आवाज येत होता. पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, "जेवून जा हां, उपाशी जाऊ नकोस."

ती जेवली, ताट स्वतः उचलून ठेवलं आणि गेली.

तेव्हापासून मी बोर्डाकडे गेलेलो नाही. शामकांतराव म्हणाले, सावकाश या, तोवर दुसरं कुणीतरी लिहील. यादी चालू आहे. सुनील चाकणला चला म्हणतो. श्रीगोंद्याच्या गाडीसाठी माळीवाड्याच्या स्टँडवर मी दोनदा गेलो. पहिल्यांदा गाडी सुटून गेली होती. दुसऱ्यांदा गाडी उभी होती, बसायला जागाही होती. मी खाली उभा राहिलो आणि ती गेली.

शीलाला जाऊन आज दोन महिने झाले. स्नेहलला मी सांगितलेलं नाही. आरतीलाही सांगितलेलं नाही.